‘भूक नाही’ असं कोण म्हणतंय?

(तेरखेडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तेरखेड्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला फटाके आठवतात. आवाजासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात मी एका मुक्या आजारावर बोलायला उभी आहे. हा आजार घरात वर्षवर्ष मुक्काम करतो आणि शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. कधीकधी तर घरचेच त्याचं कौतुक करत असतात.

विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एक काका फोनवर म्हणाले, “मॅडम, न खाण्याचा आजार? अहो, आमच्याकडं खायला नव्हतं म्हणून माणसं वाळली. हे पुण्या-मुंबईच्या पोरींचं दुखणं इथं कशाला?” काका समोरच बसलेत. त्यांचा प्रश्न मला टोचला, कारण तो खोटा नाही. मी त्यालाच धरून बोलणार आहे.

एक ताट

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सांगते आहे ती एकच मुलगी नव्हे. दोन-तीन मुलींच्या कहाण्या एकत्र केल्या आहेत, गाव-घर बदललं आहे. अशी अदलाबदल केल्याशिवाय डॉक्टरनं रुग्णाबद्दल माइकवर बोलू नये.

ती बारावीला होती. नवरात्रात आजी उठता-बसता उपवास धरायची. नातीनं नऊही दिवस धरले. दसऱ्याला घरानं पुरणपोळी खाल्ली, हिनं चतकोर भाकरी. मग गुरुवार आला, शनिवार आला. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. भगर वाढली की ती दोन चमचे घ्यायची आणि ताटभर पसरून ठेवायची, म्हणजे जास्त दिसते. भाकरीचे नखाएवढे तुकडे करायची, ओळीनं लावायची आणि एकेक तुकडा घोटभर पाण्याबरोबर. घरातल्या सगळ्यांना मात्र आग्रह करकरून वाढायची. आजी शेजारणीला सांगायची, “आमची पोरगी देवाची लई कडक हाय.”

पाळी थांबली तेव्हा घर घाबरलं. आधी दृष्ट काढली. मग कुणी ‘बाहेरचं’ आहे म्हणून सांगितलं. येडाई देवीला नवस बोलून झाला. पोटाच्या तपासण्या झाल्या. माझ्यापर्यंत आली तेव्हा वजन ३१ किलो, नाडी मिनिटाला ४४, हातांवर बारीक मऊ लव. आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “अन्नावरची वासनाच उडाली हो हिची.” मुलगी शांतपणे म्हणाली, “मला काही झालं नाही. मला भूक नाही, एवढंच.”

या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. १८७३ च्या सुमाराला लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. अ‍ॅनोरेक्सियाचा शब्दशः अर्थ भूक नसणं, आणि गंमत अशी की नावातच चूक आहे. भूक बहुतेकदा असते, भरपूर असते. ती मुलगी भुकेवर पहारा देत बसलेली असते. याचाच एक भाऊबंद ‘ब्युलिमिया’, १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी नाव दिलेला: अधाशासारखं खाणं आणि मग कुणाला कळू न देता ओकून टाकणं. तिथं वजन बऱ्याचदा चारचौघींसारखंच असतं, म्हणून तो आणखी मुका. आणि हे फक्त मुलींचं नाही. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी आणि दिवसभर पोट मारणारी पोरंही यात सापडतात.

उपाशी मन

पहिला नैतिक प्रश्न दोषाचा आहे. चुकलं कुणाचं? पोरीच्या हट्टाचं? आईच्या वळणाचं?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीनं आले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव भागानं उतरलं. पण खरी गोष्ट पुढं आहे. ही माणसं दिवसभर जेवणाबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण तासभर लांबवू लागली, ताटं चाटू लागली, चिडकी आणि एकलकोंडी झाली. त्यांच्यात आधी कुठलाही विकार नव्हता. भाकरीच्या तुकड्यांच्या ओळी लावणारी माझी पेशंट आणि हे तरुण यांच्या वागण्यात मला फारसा फरक दिसत नाही. म्हणजे ज्याला आपण ‘नाटकं’ म्हणतो त्यातलं बरंचसं उपासमारीनंच घडवलेलं असतं. आजार कसा सुरू झाला याची कारणं अनेक असतील, रक्तातली, स्वभावातली, घरातली, मोबाइलमधली. पण एकदा शरीर उपाशी पडलं की ते मनाचा कब्जा घेतं. त्या मुलीला ‘हट्टी’ म्हणणं हे ताप आलेल्याला ‘गरम डोक्याचा’ म्हणण्यासारखं आहे.

चार प्रकारचं ‘नको’

आता काकांचा प्रश्न. आपल्याकडे ताट सरकवणारा प्रत्येक हात आजारी नसतो.

इथून जवळच, भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. दिगंबर जैन परंपरेतले आचार्य शांतिसागर महाराज यांनी दृष्टी मंदावल्यावर तिथं सल्लेखना, म्हणजे पायरीपायरीनं अन्न सोडण्याचं व्रत, घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला ते गेले. त्यांना कुणी मनोरुग्ण म्हटलं नाही, म्हणूही नये. हे पहिलं ‘नको’, साधनेचं.

दुसरं सत्याग्रहाचं. ते स्वतःच्या पोटाबद्दल बोलत नसतं, समोरच्या सत्तेशी बोलत असतं. तिसरं आजाराचं.

आणि चौथं आपल्या घराघरातलं. “तुम्ही घ्या, मी मागून खाते. मला काही एवढी भूक नाही.” हे वाक्य मी माझ्या आईकडून ऐकलं, सासूकडून ऐकलं आणि डॉक्टर झाल्यावर माझ्याच तोंडून ऐकलं. टोपल्यात भाकरी किती उरल्यात ते पाहूनच ही भूक मरते.

चारही तोंडांतून शब्द तेच येतात: भूक नाही. ते कोण म्हणतंय हे ओळखल्याशिवाय उपचार सुरू करणं म्हणजे चिठ्ठी न वाचता औषध देणं.

ओळखायचं कसं? व्रताला संकल्प असतो आणि पारणं असतं. आजाराला पारणं नसतं, एक उपवास सुटायच्या आत दुसरा लागतो. व्रत उघड असतं, आजार ताटाखाली, ओढणीत, न्हाणीघरात लपतो. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, सल्लेखनेलाही पारणं नाही. खरं आहे. पण ती गुरूची अनुज्ञा घेऊन, संघाच्या देखत, पायरीपायरीनं होते. ती घेणारा अन्नाला भीत नसतो, तो अन्नाचा निरोप घेत असतो. तरी तिच्यावरही वाद आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा, म्हणजे हीच सल्लेखना, बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. सीमारेषा एवढी सोपी असती तर न्यायालयांचं एका महिन्यात असं दुमत झालं नसतं.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा इथं एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. माणूस समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा धार्मिक चालीत बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे नुसतं न खाणं हा आजाराचा पुरावा नाही. मात्र याची उलटी बाजूही डॉक्टरला लागू आहे: मुलगी चालीत अगदी चपखल बसते, सगळे उपवास करते, एवढ्यावरून ती निरोगी ठरत नाही.

पुस्तकांनीही इथं आपल्याला चकवलं आहे. पाश्चात्त्य व्याख्येच्या मध्यभागी जाड होण्याची भीती. १९९५ मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी अशा पाच भारतीय तरुणींची नोंद प्रसिद्ध केली, ज्या खात नव्हत्या, ओकत होत्या, खंगत होत्या, पण आरशाचं किंवा कमरेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही असेच रुग्ण दिसले. पोट फुगतं, घशाखाली उतरत नाही, इच्छाच होत नाही, असं ते सांगत. व्याख्येत बसत नाहीत म्हणून त्यांना आजारच नाही म्हणायचं? की व्याख्येत बसवण्यासाठी “तुला जाड व्हायची भीती वाटते ना?” असं त्यांच्या तोंडात घालायचं? दोन्ही अन्यायच. २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणानं ‘पाळी थांबलेली असली पाहिजे’ ही अट काढून टाकली. शास्त्र दुरुस्त होतं, फक्त त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पेशंटकडं नसतो.

आरशाची भीतीही आता इथं यायला वेळ लागणार नाही. फिजी बेटांवर भरलेल्या अंगाला मान होता. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला, आणि तीनच वर्षांत शाळकरी मुली वजन उतरवण्यासाठी ओकायला लागल्याचं अ‍ॅन बेकर यांच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा टीव्ही घरात एक असायचा. आज रील प्रत्येकीच्या उशाशी आहे.

नळी

आता सगळ्यात अवघड जागा. ‘नको’ आजाराचं आहे हे ओळखलं. पुढं काय? ती खात नसेल तर जबरदस्तीनं भरवायचं का?

इरोम शर्मिला यांनी नोव्हेंबर २००० मध्ये मणिपुरात उपोषण सुरू केलं. ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत, जवळपास सोळा वर्षं, त्यांना नाकातल्या नळीनं जिवंत ठेवलं गेलं. जागतिक वैद्यकीय संघटनेचा १९९१ चा माल्टा जाहीरनामा सांगतो की शुद्धीत, विचारपूर्वक अन्न नाकारणाऱ्या उपोषणकर्त्याला जबरदस्तीनं भरवणं डॉक्टरला शोभत नाही. तीच नळी, तेच नाक. एका खाटेवर ती अत्याचार ठरते आणि शेजारच्या खाटेवर कदाचित कर्तव्य. फरक नळीत नाही. ‘नको’ म्हणणारी व्यक्ती त्या ‘नको’ची मालक आहे की गुलाम, यात आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ४ तीन गोष्टी विचारायला लावतं: माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, निर्णय सांगता येतो का. शिवाय निर्णय इतरांना चुकीचा वाटतो म्हणून क्षमता नाही असं धरता येत नाही. हे सगळं योग्यच. पण माझी ३१ किलोची पेशंट या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली असती. हृदय कसं थांबतं हे तिनं मला जीवशास्त्राच्या उत्तरासारखं मुद्देसूद सांगितलं होतं. फक्त ते हृदय आपलं आहे, हे तिला पटत नव्हतं. शब्द समजणं आणि स्वतःपुरतं खरं वाटणं यांच्यामधल्या फटीत हा आजार राहतो.

म्हणून आजच्या कायद्यात वाटा आहेत. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. जिवावर बेतलं तर तातडीचा उपचार ७२ तासांपर्यंत देता येतो. अल्पवयीन मुलांसाठी वेगळं कलम आहे. ही दारं डॉक्टरच्या सोयीसाठी नाहीत. ती किती कमी वेळ उघडी ठेवता येतील हे पाहायचं असतं.

त्या मुलीच्या वेळी हा कायदा नव्हता, आणि मी तरुण होते. एका मोठ्या रुग्णालयात, त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, मी रात्री अकरा वाजता राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालायचं ठरवलं. नाडी आणखी उतरली होती. ठरवणं चूक नव्हतं, आजही मी कदाचित तेच ठरवीन. वॉर्डात सिस्टर एक आणि मावशी एक. मुलीनं हात झटकले. मी तिच्या आईकडं वळून म्हटलं, “बघताय काय, पाय धरा तिचे.”

आपल्या भाषेत पाय धरण्याचे दोन अर्थ आहेत. विनवायला पाय धरतात आणि हलू नये म्हणूनही पाय धरतात. दुपारी आई पहिल्या अर्थानं पाय धरून बसली होती, “एक घास खा गं माझ्या बाई.” रात्री मी तिला दुसऱ्या अर्थानं धरायला लावले.

मुलगी वाचली. पहिले दिवस आम्ही अन्न हळूहळू वाढवत नेलं, कारण फार काळ उपाशी शरीरावर एकदम अन्न ओतलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदय बंद पडू शकतं. महायुद्धातल्या सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. आपल्या आज्या पारण्याला आधी पेज देतात, त्यात हेच शहाणपण आहे. वजन वाढलं, ती घरी गेली. पण पुढं कित्येक महिने ती आईच्या हातचं खाईना. मावशीनं दिलं तर खायची, शेजारणीनं दिलं तर खायची.

बऱ्याच वर्षांनी ती स्वतःच्या लेकराला घेऊन भेटायला आली. निघताना म्हणाली, “मॅडम, नळीचा मला राग नाही. नळी नसती तर मी नसते. पण तुम्ही आईला पाय धरायला लावलं.”

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. जबरदस्तीच्या नीतीवर याहून अचूक मला कुठं सापडलं नाही. जीव वाचवायला जोर लावावा लागेल. पण तो कुणाच्या हातानं लावायचा, कुणाच्या देखत, आधी सांगून की एकदम, आणि नंतर तिच्यापाशी बसून कबूल करायचं की नाही, हे सगळं डॉक्टरच्या हातात असतं. गल यांचं मत होतं की अशा रुग्णांच्या सेवेला नातेवाईक सगळ्यात अयोग्य. शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात उलटा विचार पुढं आला: आईबाप आजाराचं कारण नाहीत, उपचाराचा आधार आहेत, ताटाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडं द्या. किशोरवयीन मुलांत ही पद्धत उपयोगी ठरली आहे. आईला भरवायला बसवणं आणि आईला पाय धरायला लावणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

गुपित, लग्न आणि थांबणं

तीन प्रश्न थोडक्यात.

मुलगी सज्ञान आहे, म्हणते, “घरी सांगू नका.” जिवाला धोका नसेल तर मी सांगत नाही. धोका असेल तर सांगते, पण तिला आधी सांगून. तिच्यामागं नाही. आणि घरचे विचारतात, “लग्न केलं तर सुधारेल का?” नाही. लग्न हे औषध नाही. मागच्या पंगतीत बसणाऱ्या नव्या सुनेचं ताट कुणीच पाहत नाही, तेव्हा आजाराला तिथं रान मोकळं मिळतं.

तिसरा प्रश्न, थांबायचं कधी? २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यायालयासमोर ३२ वर्षांची, पूर्वी वैद्यकीय शिक्षण घेतलेली एक स्त्री होती. बरीच वर्षं आजारी. उपचार नकोत म्हणत होती. थकलेल्या आईबापांनाही तिचा निर्णय तिच्यावर सोडावा असं वाटत होतं. न्यायाधीश पीटर जॅक्सन यांनी भरवण्याच्या बाजूनं निकाल दिला. तो बरोबर होता का, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. मी एवढंच म्हणेन: ज्या भागात पेशंटला एकदाही नीट उपचार मिळालेला नसतो, तिथं ‘आता हिला शांतपणे जाऊ द्या’ ही भाषा करायचा अधिकार आपण अजून कमावलेला नाही.

कारण काका, आता तुमच्याकडं येते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर पाच स्त्रियांत साधारण एक कमी वजनाची होती, आणि निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी. आपला जिल्हा देशाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे सरकारी भाषेत मागे राहिलेला. अशा मुलखात बारीक मुलगी कुणाच्या नजरेत भरत नाही. आजारी मुलगी गरिबीच्या आड लपते. आणि उलटही घडू शकतं: जिला सासरी पोटभर मिळत नाही तिला ‘मानसिक’ म्हणून गोळ्या सुरू होतात. पहिलीला भाकरी दिली तरी ती खाणार नाही. दुसरीला भाकरी हेच औषध आहे. म्हणून हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा इथं जास्त अवघड आहे, काका, आणि म्हणूनच मी तो इथं आणला.

करायचं काय? आशाताई, शाळेतल्या बाई, कोचिंगचे सर यांनी मुलीचं वजन चारचौघांत बोलू नये. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ हेही नको आणि ‘हाडं मोजता येतात’ हेही नको. उपवास वाढत चालले, जेवताना कोपरा शोधला जाऊ लागला, पाळी थांबली, चक्कर येऊ लागली तर दृष्ट काढा हवी तर, पण त्याच दिवशी दवाखान्यातही न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि विचारताना जपून विचारा.

जपून विचारणं मी गुरुजींकडून शिकले, ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे. १९७२ च्या दुष्काळात मी चौथीत त्यांच्या वर्गात होते. तुम्हाला मिलोची लाल ज्वारी आठवत असेल, शाळेत वाटलेली सुकडी आठवत असेल. गुरुजींनी ‘कोण कोण उपाशी आलंय, हात वर करा’ असं कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाला एकही हात वर आला नसता. ते हजेरी घेता घेता सहज विचारायचे, “काय गं, रात्री तुमच्यात कोरड्यास कशाचं होतं?”

एकदा मी म्हटलं, “वांग्याचं.”

त्या साली आमच्या शिवारात वांगं कुठलं? विहिरीला पाणी नव्हतं. गुरुजींनी मान हलवली, हजेरी पुढं नेली. मधल्या सुट्टीत मला हाक मारली आणि म्हणाले, “आज सुकडी तू वाट. वाटणारानं तळ खरवडून घ्यायचा असतो, भांडं लवकर निघतं घासायला.”

मी तळ खरवडला. मी खोटं बोलले होते हे त्यांनी वर्गाला कळू दिलं नाही. त्यांना ते कळलंय, हे मलाही फार वर्षांनी कळलं.